रोज ओढणाऱ्याला मजा कमीच मिळते

‘गांजा दारूपेक्षा बरा’ आणि ‘गांजानं माणूस वेडा होतो’ ही दोन्ही वाक्यं सारखीच बिनकामाची. कोण ओढतंय, कितव्या वर्षापासून, किती वेळा आणि माल किती कडक, हे कळल्याशिवाय धोका मापता येत नाही.

आधी मजेचं बघू. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांना, चिकटतं. गाणं रंगतं, भूक खवळते, वेळ रेंगाळतो. पण रोज ओढलं की मेंदू हे रिसेप्टर कमी करतो. मग तेवढ्याच झुरक्यांत काही चढत नाही आणि मात्रा वाढते. म्हणजे रोजवाल्याच्या वाट्याला धोका सर्वांत जास्त आणि मजा सर्वांत कमी. पूर्ण बंद केलं तर साधारण ४ आठवड्यांत रिसेप्टर पूर्ववत होतात. त्यातला पहिला आठवडा वाईट: चिडचिड, अन्नावरची वासना जाते, झोप उडते. ‘गांजाशिवाय मला झोपच येत नाही’ असं म्हणणारा बहुतेक वेळा हीच तलफ औषधाच्या नावावर खपवत असतो.

वयाचा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ओढणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांना व्यसन लागतं. विशीच्या आत सुरू केलेल्यांत मात्र दर सहांत एकाला. युरोपातल्या २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात, १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची) शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या सुमारे पाचपट दिसली. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर माझ्या मते हिशोब इथेच संपतो.

धुराचं थोडक्यात: खोकला, कफ, ब्राँकायटिस. दम रोखून धरण्यात काहीच फायदा नाही. बहुतेक टीएचसी पहिल्या काही सेकंदांतच रक्तात जातं, पुढे फक्त डांबर साचतं. तंबाखू मिसळली की निकोटिनची सवय फुकटात गळ्यात.

गांजा खाण्यात धूर नाही, पण फसगत तिथेच जास्त. असर दिसायला ३० मिनिटं ते २ तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून अर्ध्या तासात दुसरा तुकडा तोंडात जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. यकृत टीएचसीचं आणखी कडक रूप बनवतं, ते ६ ते ८ तास उतरत नाही. नवख्यासाठी २.५ मिलिग्रॅम टीएचसी पुरे, आणि पुढचे २ तास हात आवरायचा. सोबत दारू नको, गाडी तर नाहीच. छाती धडधडली, भीती दाटली तर सोबतीला कुणीतरी हवं, पाणी हवं. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना.

वर्षानुवर्षं भरपूर ओढणाऱ्या काहींना मधूनमधून उलट्यांचे झटके येतात, आणि गरम पाण्याखाली उभं राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. नेहमीच्या उलटीच्या गोळ्या यावर फारशा चालत नाहीत, गांजा सोडणं हाच इलाज. डॉक्टरांपासून सवय लपवली तर पोटाच्या तपासण्यांतच महिने निघून जातात.