लागावुलिन नसलेली दुपार

2002 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. एडिंबरातल्या ज्या व्हिस्कीच्या दुकानात मी तेव्हा नोकरीला होते, तिथे स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीचं वेगळं कपाट होतं. त्या कपाटातली मधली फळी वर्षभर बहुतेक वेळा रिकामीच दिसायची. ती जागा सोळा वर्षं मुरलेल्या लागावुलिनची. पुरवठादाराकडून बाटल्या मोजून मापून यायच्या, आल्या की दोन दिवसांत संपायच्या. एका गिऱ्हाइकाला एकच बाटली, असा मालकाने नियम केला होता.

भाव चढवायला कंपनीने मुद्दाम माल दाबून ठेवलाय, असं पुष्कळ गिऱ्हाइकं म्हणायची. तसं नव्हतं. सत्तरच्या दशकात स्कॉटलंडभर गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्हिस्की गाळली गेली आणि ऐंशीच्या सुरुवातीला गोदामं तुडुंब भरली. 1983 मध्ये एकामागून एक भट्ट्या थंड झाल्या. लागावुलिनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरची पोर्ट एलन ही भट्टी तेव्हाच बंद पडली. लागावुलिनला टाळं लागलं नाही, पण आठवड्यातले मोजकेच दिवस काम चालायचं. पुढे 1988 मध्ये कंपनीने आपल्या सहा निवडक व्हिस्कींमध्ये तिला घेतलं, जगभरातून मागणी आली आणि हिशेब अडकला. लेबलवर सोळा लिहायचं तर बाटलीतला सर्वांत कोवळा थेंबही सोळा वर्षांचा लागतो, म्हणजे माझ्या दुकानातली बाटली 1986 ची किंवा त्याआधीची. मागणी वाढली म्हणून 1984 ची विझलेली भट्टी कोण पेटवणार? शिवाय पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत जातं ते वेगळंच.

त्या दुपारी आमचे एक जुने गिऱ्हाईक आले. लीथच्या बंदराजवळ राहायचे, बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. दर खेपेला एक लागावुलिन न्यायचे. दुसरं काही घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फळी रिकामी पाहून ते काही बोलले नाहीत, नुसती टोपी काढून काउंटरवर ठेवली. मला फार वाईट वाटलं. गिऱ्हाईकही फारसं नव्हतं. म्हटलं, बसा, आपण चार ग्लास लावू, नावं मी सांगणार नाही. आमच्याकडे चाखायला उघडलेल्या बाटल्या असायच्याच.

मी ओतल्या त्या अशा: लाफ्रॉइग दहा, आर्डबेग दहा, स्काय बेटाची टॅलिस्कर दहा आणि काल ईला बारा, आकडे मुरण्याच्या वर्षांचे. ही शेवटची त्याच वर्षी उन्हाळ्यात कंपनीने नीट बाजारात आणली होती. लागावुलिनची उणीव तिने भरून निघेल, असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणत होते. मलाही ते पटलेलं होतं. पटण्यासारखंच होतं ते. दोघींचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, एकाच ठिकाणचा, पोर्ट एलनच्या माल्टिंगमधला. भट्टी बंद पडली तरी तिच्या शेजारचा हा 1973 चा कारखाना चालूच राहिला. तिथे मोड आलेल्या ओल्या जवाला पीटची धुरी देतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेलं शेवाळ आणि झाडपाला. एक मीटर थर साचायला साधारण हजार वर्षं जातात. धुरातले फिनॉल, म्हणजे वास देणारे घटक, जवाच्या ओल्या टरफलाला चिकटतात, तोच आयलाचा धूर. दहा लाख भागांत फिनॉल किती, यावर तो मोजतात. लागावुलिन आणि काल ईला दोघींसाठी हा आकडा पस्तिसाच्या आसपास, लाफ्रॉइगचा चाळिशीत, आर्डबेगचा पन्नासच्या पुढे. हा आकडा माल्टमधला असतो, बाटलीतला नव्हे. गाळताना यातला बराच धूर मागे राहतो आणि पिंपात वर्षं जातात तसा आणखी मवाळ होतो.

लाफ्रॉइगचा ग्लास त्यांनी नाकाशी नेला आणि लगेच ठेवला. "दवाखाना," म्हणाले. आयोडीन, मलमपट्टी, ओलं समुद्रशेवाळ. ज्यांना ती आवडते त्यांना फक्त तीच आवडते. लाफ्रॉइगमध्ये गाळताना मधला भाग उशिरा गोळा करायला घेतात आणि धुराचे जड घटक उशिराच बाहेर येतात, म्हणून तिचा वास असा अंगावर येतो. टॅलिस्कर त्यांनी मिरीवरून ओळखली, "ही आयलाची नाही" म्हणून बाजूला केली. आर्डबेगमध्ये डांबर आणि लिंबू. माल्टचा आकडा सगळ्यांत मोठा, पण तिथल्या भट्टीच्या मानेपाशी जड वाफ परत खाली लोटणारी नळी आहे, त्यामुळे एवढा धूर असूनही ती जिभेवर हलकी लागते.

चौथ्या ग्लासापाशी ते थांबले. वास घेतला, घोट घेतला, पाण्याचे थेंब मागितले, पुन्हा घेतला. मी श्वास रोखून उभी होते. हीच माझी, असं ते म्हणणार, याची मला जवळजवळ खात्री होती.

ते म्हणाले, "धूर तोच आहे, पोरी. भट्टी ती नाही."

मग कळलं की तरुणपणी ते पफरवर इंजिनियर होते. क्लाइड नदीतून कोळसा आणि जव घेऊन बेटांकडे जाणाऱ्या लहान बोटी त्या. लागावुलिनच्या खाडीत आणि काल ईलाच्या धक्क्यावर त्यांनी पन्नाशीच्या दशकात माल उतरवला होता. तेव्हा लागावुलिनमध्ये जव जमिनीवर पसरूनच त्याला मोड आणायचे, ते 1974 मध्ये थांबलं. काल ईलाची इमारत तर त्यांच्या आठवणीतली उरलीच नव्हती, सत्तरच्या दशकात पाडून नवी मोठी बांधली. त्यांनी मला विचारलं, "मॉल्ट मिल माहीत आहे?"

मला नाव तेवढं माहीत होतं. पीटर मॅकी हे लागावुलिनचे मालक. लाफ्रॉइग विकण्याचा हक्क हातचा गेल्यावर त्यांनी चिडून 1908 मध्ये लागावुलिनच्या आवारातच दुसरी छोटी भट्टी उभारली. लाफ्रॉइगसारख्याच भट्ट्या, लाफ्रॉइगची माणसं, तेच बेट, तसंच पीट. निघाली ती व्हिस्की चांगली होती, पण लाफ्रॉइग नव्हती. अर्ध्या शतकाहून जास्त ती चालली आणि 1962 मध्ये बंद पडली. ती चालू असताना यांनी तिच्यासाठी कोळसा उतरवला होता! माझ्यासमोर असा माणूस बसला होता आणि मी आजवर त्यांना फक्त बाटली गुंडाळून देत आले होते.

फरक कुठे पडतो, ते त्यांनी बोट काउंटरवर टेकवून समजावलं. लागावुलिनच्या भट्ट्या पेर या फळाच्या आकाराच्या, जवळजवळ काठोकाठ भरलेल्या, आणि गाळणं अगदी सावकाश. वाफेला तांब्याशी लागायला जागा कमी मिळते, म्हणून जड, तेलकट चव तशीच पुढे येते. काल ईलाच्या भट्ट्या मोठ्या, पण त्या बऱ्याच रिकाम्या ठेवतात. वाफ वर जाते, थंडावते, पुन्हा खाली येते, तांब्याला घासत राहते. म्हणून ती स्वच्छ, थोडी खारट, हिरव्या सफरचंदासारखी. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्यांच्यासमोर तोच चौथा ग्लास पुन्हा हातात घेतला तेव्हा ते पहिल्यांदा जिभेला कळलं. लागावुलिनमध्ये मला नेहमी आमच्याकडच्या कोल्हापुरी गुऱ्हाळाचा वास यायचा, चिपाडाचा धूर आणि उकळत्या काकवीचा गोडवा एकत्र. काल ईलात धूर होता, काकवी नव्हती.

एवढ्यात एक तरुण गिऱ्हाईक आत आलं. ओळखीचं होतं, पैसेवालं. लागावुलिन आली का विचारलं आणि पोर्ट एलनच्या नव्या बाटल्यांसाठी नाव लिहून ठेवायला सांगितलं. त्या बंद भट्टीची उरलेली पिंपं कंपनी 2001 पासून वर्षातून एकदा थोडी थोडी बाटलीत भरत होती. घरी किती जमवल्यात ते त्याने कौतुकाने सांगितलं. एकही उघडलेली नव्हती. आमच्या म्हाताऱ्यांनी लाफ्रॉइगचा न प्यालेला ग्लास त्याच्यापुढे सरकवला. त्याने घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. धुराची व्हिस्की आपण कधी प्यालोच नव्हतो, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. भाव वाढतात म्हणून घेऊन ठेवतो, म्हणाला.

मला संताप आला, आणि त्याबद्दल आजही माझं मत बदललेलं नाही. लागावुलिनची टंचाई मला समजते, ती ऐंशीच्या दशकात कामगारांना घरी बसवल्यामुळे आली होती आणि भट्टी पूर्ण आठवडा चालल्यावर कधीतरी मिटणार होती. तशी ती मिटलीही. पोर्ट एलनचं तसं नव्हतं. 1983 पर्यंत गाळलेल्या व्हिस्कीची प्रत्येक बाटली शेवटचीच होती, आणि ती कुलपात ठेवली की त्या भट्टीची चव ओळखणारी माणसंही कमी होत जातात. मार्च 2024 मध्ये पोर्ट एलन पुन्हा सुरू झाली तेव्हा मी हाच विचार करत होते. नव्या भट्टीची दहा वर्षं मुरलेली व्हिस्की 2034 च्या आधी यायची नाही. तेव्हा ती जुनीसारखी आहे की नाही, हे मॉल्ट मिलइतक्याच खात्रीने कोण सांगणार?

म्हातारे मात्र चिडले नाहीत. त्यांनी त्या पोराच्या ग्लासात काल ईला ओतायला लावली, पाणी घातलं आणि पाच मिनिटं हात लावू नकोस म्हणून बजावलं. तो बसला. अर्धा ग्लास संपवून, काही न घेता गेला.

म्हाताऱ्यांनी काल ईला घेतली. मी कागदात गुंडाळत होते तेव्हा म्हणाले, "हिला लागावुलिनची धाकटी बहीण म्हणून विकू नकोस. गिऱ्हाईक फसतं आणि तिच्यावरही अन्याय होतो." त्या दिवसापासून मी तसं म्हणणं बंद केलं. कपाटावरची 'लागावुलिन आवडत असेल तर' ही चिठ्ठीही मालकांना सांगून काढून टाकली. पुढच्या एप्रिलच्या खेपेतली लागावुलिनची एक बाटली मी त्यांच्या नावाने बाजूला ठेवली. ती त्यांनी घेतलीच, आणि सोबत काल ईलाही मागितली. पुढे ते आले की दोन्ही न्यायचे.