रसाळ ते महिपत : जंगलातला मधला दिवस

रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे खेडजवळचे एकाच रांगेवरचे तीन किल्ले, रसाळ-सुमार-महिपत हा ट्रेक केलेल्या कुणालाही विचारा, तो पहिल्या दिवसाबद्दल फारसं बोलणार नाही. रसाळगड तसा सोपा, खेडहून जीप केली की रसाळवाडीपर्यंत रस्ता आहे, तिथून थोडं चढलं की गड, झोलाईच्या देवळात पथारी टाकायची आणि आजूबाजूला पडलेल्या तोफा बघत संध्याकाळ काढायची. खरा ट्रेक म्हणजे दुसरा दिवस, रसाळ सोडून सुमारगड करायचा आणि अंधार पडायच्या आत महिपत गाठायचा. सगळी चाल डोंगराच्या धारेवरून आणि बरीचशी दाट जंगलातून.

डिसेंबर होता, पहाटे देवळासमोर दीपमाळेपाशी चहा टाकला तोवर वाडीतले मामा कोयता कमरेला लावून हजर. आदल्या संध्याकाळीच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. आमच्यातला एकजण म्हणत होता की मोबाईलमधे वाटेचा जीपीएस ट्रॅक आहे, मग वाटाड्या कशाला, पण बाकी सगळ्यांना मामा हवेच होते. मलाही. कारण या रांगेवर वाट नाही असं होतच नाही, उलट वाटा खूप आहेत, सगळ्या ढोरवाटा, सगळ्या सारख्याच दिसतात आणि त्यातल्या निम्म्या कुठेतरी गवतात जाऊन संपतात. मोबाईल सांगतो की वाट वीस मीटर वर आहे, पण मधे डोक्याएवढ्या उंचीची कारवीची झुडपं असतील तर ते वीस मीटर जायचे कसे ते नाही सांगत.

वाडीतून डोंगराच्या धारेला लागलो, ऊन अजून कोवळं होतं, एका बाजूला जगबुडी नदीचं खोरं धुक्याने भरलेलं आणि पलीकडे मकरंदगडाचं टोक तेवढं वर. धनगरवाड्यात पोचलो तेव्हा एक आजी ताक घेऊनच बाहेर आल्या, पैसे घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी आम्ही जवळचा गुळाचा डबा त्यांच्याकडे ठेवला. इथे पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरून घ्यायच्या, कारण पुढे सुमारच्या टाक्यापर्यंत पाण्याचा भरवसा नाही.

वाडा सोडल्यावर जंगल सुरू झालं आणि मामांचा कोयता पण. गेल्या वर्षी इथे वाट मोकळी होती म्हणे. मी विचारलं एका वर्षात एवढी कशी बुजली, तर ते म्हणाले, "गुरं इकली लोकांनी, पोरं गेली मुंबयला. मग वाट मळनार कशी?" हे वाक्य त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण ट्रेकर लोक वर्षातून दोन-चार ग्रुप येणार, तेवढ्याने वाट राहत नाही, ती रोज गुरामागे जाणाऱ्या माणसाने राहते.

सुमारगड लांबून बघितला की वर जायला जागाच नाही असं वाटतं, सगळीकडून कातळ. शेवटच्या टप्प्यात कड्याला चिकटून एक अरुंद आडवी चाल आहे, खाली दरी, आणि मग लोखंडी शिडी. सॅक खाली ठेवून एकेक जण गेलो, घाई कुणीच केली नाही. वरती गडपण असं फार काही शिल्लक नाही पण कातळात कोरलेली टाकी आहेत आणि एका गुहेत शिवलिंग. टाक्यातलं पाणी इतकं गार की दात शिवशिवले. दक्षिणेला सकाळी सोडलेला रसाळ एवढासा दिसत होता आणि उत्तरेला महिपत आडवा पसरलेला, तो मात्र जवळ आलाय असं काही वाटेना.

सुमार उतरून पुढे जे जंगल लागतं ना, त्याच्यासाठी मी हा ट्रेक परत करीन. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आणि गारंबीचे वेल मांडीएवढे जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेले आणि त्याला हातभर लांब शेंगा लटकलेल्या. भर दुपारी खाली नुसता हिरवा उजेड. पाचोळा घोट्यापर्यंत, त्यामुळे उतारावर पाय ठरत नव्हता, कारवीचे बुंधे धरत धरत उतरलो. एका ठिकाणी मामा थांबले, वाटेत बिबट्याची विष्ठा होती, त्यात केस दिसत होते, भेकराचे, म्हणजे छोट्या हरणाचे असतील म्हणाले आणि पुढे निघाले. वर शेकरूची घरटी दाखवली, शेकरू काही दिसलं नाही, नुसता आवाज. खिंडीत बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला, कुणी फार बोललं नाही, दमलो होतो आणि बरं पण वाटत होतं.

शेवटचा महिपतचा चढ पाय काढतो. वर आलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. महिपत प्रचंड आहे, साधारण 120 एकरांचा पसारा, सगळा झाडीने भरलेला, मामा नसते तर पारेश्वराचं देऊळ अंधारात शोधत बसलो असतो. देवळाकडे जाताना चुन्याचा ढीग लागतो, बांधकामासाठी आणलेला चुना तसाच पडून दगड झालेला. गड बांधायला आणलेल्या बेलदारांची, म्हणजे दगडकाम करणाऱ्यांची वस्ती म्हणून खालची बेलदारवाडी असं सांगतात. रात्री पिठलं-भात केला आणि मामांनी पहिल्यांदा स्वतःहून गप्पा मारल्या.

जाणार असाल तर पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात नको, माणशी तीन लिटर पाणी ठेवा. वाटाड्या रसाळवाडीत मिळतो, आदल्या दिवशी सांगा, आणि त्याला दोन दिवसांचे पैसे द्या, कारण आपण महिपतवरून बेलदारवाडीत उतरून मोकळे होतो आणि त्याला तीच सगळी वाट दुसऱ्या दिवशी एकट्याने परत चालायची असते.