घरामागच्या ओल्या सावलीत काय लावू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘घरामागे ऊन पोचत नाही, पावसात सगळं शेवाळतं, लॉन लावलं ते कुजलं. आता लादीच घालून टाकू का?’ फोंडा, डिचोली, सत्तरीकडचे ओळखीचे लोक दर पावसाळ्यात हे विचारतात.

लादी घालू नका. फणसा-माडांखालच्या त्या ओलीसाठी लोक दुसरीकडे फवारे बसवतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. अशा जागेत राहायला शिकलेली झाडं इथली इथेच आहेत, आणि त्यातली काही तुमच्या आवारात आधीच येऊन बसलेली असतील.

आधी गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत, बघा. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याच्या खाचांत हंसराज हा नेचा (फर्न) आपसूक उगवतो. काळी, तारेसारखी चकचकीत देठं आणि त्यांवर अर्धचंद्राकार पानं. पाणी त्यांवर ठरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. पातं लांबलं, वाकलं, टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. पानाच्या मागे, कडेकडेला तपकिरी रेघा दिसतात. कीड समजून लोक त्यावर औषध मारतात. मारू नका, ते बीजाणू आहेत. नेच्यांना फूल नाही, बी नाही. वंश वाढतो तो त्यातूनच, आणि त्यासाठी ओल लागते.

फणसाच्या बुंध्यावर बाशिंग नावाचा नेचा असेल तर तेही राहू द्या. त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. खोडाला चिकटलेली आखूड पानं तपकिरी, मेल्यासारखी दिसतात, म्हणून काढून टाकावीशी वाटतात. पण वरून पडलेला पाचोळा त्यांतच साठतो, कुजतो आणि बाशिंगाला खत मिळतं. झाडाचा रस ते शोषत नाही, नुसता आधार घेतं.

मॉस लावायची गरज आपल्याकडे सहसा पडत नाही. त्याला खरी मुळं नसतात. पाणी ते पानांनीच पितं. चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या दगडावर, सावलीत, पाऊस लागला की ते धरतंच. त्यावर ताक फासायला सांगतात, मला ते जांभ्यावर अनावश्यक वाटतं. फणसाची रुंद पानं मात्र त्यावरून हलक्या हाताने उचला, नाहीतर खाली गुदमरतं. ती पानं जाळू नका, नेच्यांच्या बुडाशी टाका. पायवाटेवरचं बुळबुळीत हिरवं वेगळं, ते खराट्याने घासून काढायलाच हवं, विशेषतः घरात वयस्क माणसं असतील तर. आणि वाट गुळगुळीत लादीची नको, खरबरीत चिऱ्याची करा.

जमीन झाकायला ब्राह्मी, म्हणजे मंडूकपर्णी, घ्या. तिचे धावरे, म्हणजे जमिनीवर पसरणारे फुटवे, प्रत्येक पेऱ्याशी रुजत जातात, आणि चटणीलाही पानं होतात. झाडांखाली पिंपळी चांगली पसरते. कोपऱ्यात तेरं, म्हणजे रानअळू, पावसाबरोबर स्वतःच वर येतं. आंबाडे घालून शिजवा, म्हणजे घशाला खाजणार नाही. पावळी, म्हणजे छपराच्या कडेची धार, पडते तिथे मात्र माती उघडी ठेवू नका. धारेने ती खणून निघते. चिऱ्याचे तुकडे मांडा, फटींत नेचे बसवा. बसवताना मूळखोड खोल पुरू नका, कोंब मातीच्या वर राहायला हवा.

नर्सरीतली पिवळ्या फुलांची वेडेलिया कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली ती वेल महिन्या-दोन महिन्यांत सगळं झाकते आणि खालचं काही जगू देत नाही.

मग येतो एप्रिल, आणि तेव्हा फोन येतात: ‘सगळं मेलं!’ हंसराज सुकतो, मॉस कुरकुरीत तपकिरी होतं, तेरं जमिनीत गडप. याला मरण समजू नका. आपल्या झाडांचा हा विसावा आहे. हंसराजाची मूळखोडं दगडाच्या खाचेत जिवंत असतात, आणि पहिल्या सरीनंतर मॉस बघता बघता हिरवं होतं. त्या दिवसांत बागेला वर्षभर हिरवी ठेवायच्या हट्टाने बोअरचं पाणी ओतणं मला पटत नाही. पिंपळी, ब्राह्मीला घोटभर द्या, बुडाशी नारळाची सोडणं पसरा, पुष्कळ झालं.

सापांचं विचारता, तर दाराजवळचा पट्टा मोकळा ठेवा आणि भिंतीला लागून लाकडं, जुनी कौलं रचू नका. साप पानांसाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी येतो.

रोपं आणायला मोले किंवा म्हादई अभयारण्यात जाऊ नका. तिथून झाड उपटणं हा गुन्हा आहे, आणि रानातलं उपटलेलं बहुतेकदा जगतही नाही. शेजारच्या विहिरीच्या कठड्यावर, पडक्या गडग्यावर हंसराज असतोच. जूनमध्ये पाऊस चांगला लागला की विचारून, मातीसकट एक ढेकूळ घ्या.