भ्रमणमार्ग आणि कुंपणाची खालची तार

दोन डोंगररांगांमधला वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग, म्हणजे त्यांची ये-जा करायची वाट, राखायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत वृक्षारोपणाचा विषय निघतो. रोपं मिळतात, फोटोही निघतात. पण रांगेतून उतरलेलं जनावर मधली शेतं आणि कुरणं एका रात्रीत ओलांडू शकतं. ते अडतं रस्ता, कालवा आणि कुंपण जवळजवळ येतात अशा चिंचोळ्या पट्ट्यात. हा पट्टा कधी कधी जेमतेम दोन-चारशे मीटरचा असतो. गावाचे पैसे आणि श्रम आधी तिथे लागायला हवेत.

पट्टा शोधायला उपग्रह नकाशा घ्या. डोंगराची सोंड दरीत सगळ्यात पुढे कुठे येते आणि ओढ्याकाठची झाडी कुठे सलग आहे ते बघा. मग कुंपणाच्या कडेने चालत जा. तारेला अडकलेले केस, एकाच जागी वाकलेली तार, तारेखाली पोट घासून झालेला खळगा, या खुणा नकाशापेक्षा जास्त सांगतात. खात्रीसाठी कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा तर साधारण गुडघ्याच्या उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर, वाटेला तिरका. वाटेला काटकोनात लावला तर नुसत्या शेपट्या मिळतात. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, सूर्य थेट भिंगात येतो. समोरचं गवतही कापा, नाहीतर हलणाऱ्या पात्यांच्या फोटोंनी कार्ड भरून जातं.

आता कुंपण. जनावर तारेवरून उडी मारताना मागचे पाय पोटाखाली घेतं. वरची तार जास्त उंच असेल किंवा वरच्या दोन तारा जवळजवळ असतील, तर पाय त्यांच्यामध्ये जातो, तारा पिळल्या जातात आणि कात्रीसारख्या आवळतात. जनावर लटकून मरतं. पिल्लाला तर उडीच जमत नाही. आई पलीकडे आणि ते अलीकडे. उत्तर अमेरिकेतलं प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर सहसा उडी मारतच नाही, खालून सरपटतं, आणि खालची तार काटेरी असली की पाठ सोलून निघते.

गाईगुरांच्या कुंपणासाठी उत्तर अमेरिकेत रुळलेली मापं अशी: वरची तार जमिनीपासून साधारण 100 सेंटीमीटर, वरच्या दोन तारांत किमान 30 सेंटीमीटर अंतर, खालची तार 40 ते 45 सेंटीमीटरवर. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तार बिनकाट्याची. काटे हवेतच तर मधल्या तारांना. सगळं कुंपण एकदम बदलायला पैसे नसतील तर फक्त खुणा सापडलेल्या जागी खालची तार बदला. शेळ्यामेंढ्या मात्र या फटीतून आरामात निघून जातात. त्यांच्या कुरणाला कळप चरायला नसेल त्या हंगामात तारा खाली उतरवून ठेवता येणारं कुंपण किंवा उघडं ठेवलेलं फाटकच चालतं. मेंढपाळाला हे आधी स्पष्ट सांगा. पहिली मेंढी हरवली की सगळी योजनाच बदनाम होते.

जुनी तार ताणलेली असते. थेट कापली तर उसळून तोंडावर येते. आधी टोकाच्या खांबाशी ताण सैल करा, मग पक्कड लावा. जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. कापलेला एकही तुकडा गवतात राहता कामा नये. तो खुरात रुततो किंवा चाऱ्याबरोबर गाईच्या पोटात जातो. उंचसखल जागी मापं फसतात: खांबापाशी 40 सेंटीमीटर असलेली फट खळग्यात 60 होते आणि उंचवट्यावर 25. मोजायचं ते दोन खांबांच्या मध्ये.

रस्त्याचं काम गावाच्या हातात कमी असतं, पण आग्रह कशाचा धरायचा ते माहीत हवं. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला 2.4 मीटर उंच कुंपण आणि त्याला जोडून जनावरांसाठी पूल व भुयारी मार्ग केल्यावर वाहनं आणि जनावरांच्या धडका 80 टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. दोन्ही एकत्र लागतात: नुसत्या पुलाकडे जनावर वळत नाही, आणि नुसतं कुंपण म्हणजे भिंत. कुंपण 5 किलोमीटरपेक्षा तोकडं असेल तर त्याचा भरवसा कमी, कारण जनावरं टोकाला वळसा घालून रस्त्यावरच येतात. ग्रिझली (मोठी तपकिरी) अस्वलं मोकळे, रुंद पूल पसंत करतात, तर काळी अस्वलं आणि प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) यांना अरुंद भुयारी वाट चालते. एकाच नमुन्याचे दहा मार्ग बांधून उपयोग नाही. राष्ट्रीय महामार्ग 44 वर पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ जनावरांसाठी नऊ मार्ग आहेत आणि त्यांची रुंदी 50 ते 750 मीटर अशी वेगवेगळी आहे. बॅन्फमध्ये अस्वलांना आणि लांडग्यांना हे मार्ग अंगवळणी पडायला काही वर्षं लागली. त्यामुळे सहा महिन्यांत ‘कोणी वापरत नाही’ असा अहवाल लिहिणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

रस्त्याखालची पाण्याची मोरीही जनावरांना वाट म्हणून चालते. तळाशी कायम पाणी असेल तर कडेने एक कोरडी पायरी बांधा; मुंगूस, साळिंदर तिच्यावरून जातात. मोरीच्या तोंडावर दिवा नको, कुत्री बांधू नका, कचरा टाकू नका.

मेलेल्या जनावरांची नोंद ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वारी, पहाटे करा. तारीख, जागा आणि मापपट्टीसह फोटो घ्या. नोंद झाल्यावर कलेवर रस्त्यावरून बाजूला करा, नाहीतर तेच पुन्हा मोजलं जातं आणि ते खायला आलेलं तरसही गाडीखाली येतं. काहीच न सापडलेला दिवसही लिहायचा. तो वगळला की आकडे फुगतात आणि रस्ते खात्याचा अभियंता पहिल्याच प्रश्नात नोंदवही बाजूला ठेवतो.

जमीनमालकाशी करार करताना तो माणसाशी नव्हे, जमिनीशी बांधलेला राहील असा कायदेशीर मार्ग शोधा. जमीन विकली गेली की तोंडी शब्द संपतो. करारात कुंपणाची देखभाल कोण करणार, पीक खाल्लं गेलं तर भरपाई किती दिवसांत मिळणार आणि ती कोण देणार, हे लिहिलेलं हवं. भरपाई वर्षभर रखडली की सहा तारांचं काटेरी कुंपण परत उभं राहतं, आणि त्यात मालकाची चूक काढता येत नाही.