हिरव्या स्मूदीत पाला किती, औषध किती

हिरवी स्मूदी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: औषधी पाला भाजीसारखा मूठमूठ टाकला जातो. तुळस, शेवगा, गुळवेल, कोरफड, कडुलिंब असं सगळं एकदम मिक्सरमध्ये फिरवलं की हातात येतो कडू, फेसाळ, कच्चा काढा. असा काढा रोज रिकाम्या पोटी पेलाभर पिणं शहाणपणाचं नाही. औषधी पानाचं माप मसाल्याच्या मापाने धरायचं, म्हणजे मोजून पाच-दहा पानं. पेल्याचं पोट भरायचं ते काकडीने, फळाने आणि शहाळ्याने. एवढं पाळलं की बाकीचं सोपं आहे.

श्रीलंकेत सकाळी कोळ केंद नावाची हिरवी पेज पितात. लाल तांदूळ शिजवतात, त्यात नारळाचं दूध घालतात आणि पाल्याचा रस अगदी शेवटी घालून लगेच उतरवतात. सोबत गुळाचा खडा असतो. उष्ण प्रदेशातल्या पाल्याचं पेय कसं बांधावं, ते या एका पदार्थात दिसतं. कडवटपणा झाकायला स्निग्धपणा हवा, पेयाला अंग यायला पिठूळपणा हवा आणि पाल्याला उष्णता कमीत कमी लागायला हवी. आपल्या पेल्यात तांदळाची जागा केळं घेतं आणि नारळाच्या दुधाची जागा शहाळ्याची मलई.

आता पाल्याकडे येऊ. पहिला प्रश्न पालकाचा. कच्च्या पालकात ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा बनवणारं द्रव्य, भरपूर असतं. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्याने रोज कच्चा पालक वाटून पिणं टाळावं. यावर ‘मग गावठी माठ घ्या’ असं सुचवलं जातं, पण त्याचा उपयोग नाही. माठ, चाकवत आणि घोळ यांतही ऑक्झलेट मुबलक असतं. उपाय सोपा आहे. पालक उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा, पिळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं पाण्यात उतरतं आणि रंग उलट अधिक गडद होतो. खड्याचा त्रास आधीच असेल तर पालक सोडून काकडी, कोथिंबीर आणि लेट्यूसवरच भागवावं.

अळू कच्चं कधीच नाही. त्यातले सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात आणि मिक्सर त्यांचं काही बिघडवू शकत नाही.

एकपानी, म्हणजेच कारिवणा, हे स्मूदीसाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं औषधी पान. गोल, कडेला दातेरी, लांब देठाचं. चवीला अजमोद्यासारखं, थोडं तुरट. आपल्याकडे यालाच ब्राह्मी म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. नीरब्राह्मी ही वेगळी वनस्पती. तिची पानं बारीक, मांसल, देठ नसल्यासारखी आणि चवीला जहाल कडू. रोपवाटिकेतून ‘ब्राह्मी’ आणली आणि स्मूदी घशाखाली उतरेना, तर बहुधा नीरब्राह्मी आलेली असते. एकपानी ओलसर जागी, पाटाच्या आणि गटाराच्या कडेला माजते, म्हणून उघड्यावरची खुडू नये. कुंडीत लावावी, ती सावलीतही छान पसरते. दोन पेल्यांना आठ-दहा पानं पुरतात.

शेवग्याचा पाला कोवळाच घ्यायचा, फांदीच्या टोकाचा, आणि पानं देठावरून ओरबाडून. वाटला की त्यातून मोहरीसारखा तिखट वास सुटतो. पेशी फुटल्यावर जी गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात त्यांचा तो वास. दोन मोठे चमचे पानांपर्यंत तो फळात लपतो, मूठभर टाकला तर नाही लपत. जास्त घालायचाच असेल तर पानं चाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं, वास निम्मा होतो.

पानओव्याचं जाड, लवदार पान एक, फार तर दोन. तुळशीची पाच-सहा पानं. विड्याचं पान एक, देठ आणि मधली शीर काढून. कढीपत्ता आठ पानं, तीही शीर ओढून, नाहीतर दाताखाली कागदाचे कपटे येतात. गवती चहा मात्र वाटूच नये. त्याचे धागे कुठल्याही मिक्सरमध्ये मऊ होत नाहीत. दोन पाती कापून अर्धा कप उकळत्या पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवावीत, गाळून गार करावं आणि तेच पाणी स्मूदीत वापरावं.

कोरफडीचा गर टाकणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. पान बुंध्याशी कापलं की कापलेल्या तोंडातून पिवळा, चिकट, उग्र वासाचा चीक गळतो. तो जुलाब करणारा आहे. पान तोंड खाली करून पेल्यात पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवायचं. चीक निथळला की दोन्ही काटेरी कडा कापायच्या, वरची साल जरा जाडच काढायची, कारण चीक सालीच्या लगेच आत असतो. मग पारदर्शक गर वाहत्या पाण्याखाली धरून चोळायचा. बोटाला पिवळेपणा लागतो तोवर धुवायचा. एवढं झाल्यावर दोन पेल्यांना एक मोठा चमचा गर. गर्भवतींनी कोरफड पूर्ण टाळावी.

गुळवेल आणि अडुळसा मी स्मूदीत घालायला सांगणार नाही. गुळवेल घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद कोणाच्या बाजूने सुटेल तो सुटो, पण रोजच्या नाश्त्याच्या पेयात हवीच अशी ती वस्तू नव्हे. अडुळसा गर्भाशयावर परिणाम करणारा. ही दोन्ही औषधं वैद्याच्या हातूनच घ्यावीत.

काकडी चिरल्यावर तिची चकती चाखायचीच. कडू लागली तर सगळी काकडी टाकून द्यायची, फक्त देठाकडचा तुकडा काढून भागत नाही. दुधीचा रस घालणाऱ्यांनी तर हा नियम काटेकोर पाळावा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत, आणि त्यानंतर 2011 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने कडू रस पिऊ नये असं बजावलं होतं. कडवटपणा लिंबू-मिठाने झाकला तरी विष तसंच राहतं. असाच इशारा बिंबलांबद्दल. कोलेस्टेरॉलसाठी बिंबलांचा दाट रस पिऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या घटना केरळात नोंदल्या आहेत. करमळाबाबतही, म्हणजे स्टार फ्रूटबाबतही, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी सावध राहावं.

दोन मोठ्या पेल्यांचं माप सांगते. शहाळ्याचं पाणी 200 मिली, शहाळ्याची मलई किंवा ओलं खोबरं दोन मोठे चमचे, सालासकट काकडी 100 ग्रॅम, वर सांगितल्याप्रमाणे बुडवून पिळलेला पालक 40 ग्रॅम, कोवळ्या देठांसह कोथिंबीर 15 ग्रॅम, पुदिन्याची दहा-बारा पानं, एकपानीची आठ-दहा पानं. मधला दांडा काढलेला अननस 120 ग्रॅम. पिकलेली वेलची केळी दोन, चकत्या करून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवलेली. आल्याचा एक सेंटिमीटर तुकडा, ओल्या हळदीचा तेवढाच. मिरीचे तीन-चार दाणे, भाजलेल्या जिऱ्याची पाव चमचा पूड, चिमूटभर सैंधव. अर्धं लिंबू आणि बर्फाचे चार खडे शेवटी.

वाटण्याची पद्धत महत्त्वाची. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात सगळं एकदम ओतलं तर पानं पाण्यावर तरंगतात, भिंतीला चिकटतात आणि पातं खाली नुसतंच फिरतं. म्हणून पानं, आलं, हळद, मिरी, जिरं आणि खोबरं आधी चटणीच्या भांड्यात घ्यायचं, त्यात फक्त पाव वाटी शहाळ्याचं पाणी. वीस सेकंद फिरवा, थांबा, कडेचं खाली ओढा, पुन्हा फिरवा. असं तीनदा. वाटण दोन बोटांत चोळून पाहायचं: गंधासारखं लागलं की झालं, कण लागला की आणखी एक फेरी. सलग मिनिटभर फिरवलं तर भांडं गरम होतं, पुदिना काळवंडतो आणि गवताचा वास येतो. मग हे वाटण मोठ्या भांड्यात घालून काकडी, अननस आणि गोठलेलं केळं टाकायचं, उरलेलं शहाळ्याचं पाणी घालून तीस सेकंद फिरवायचं. बर्फ शेवटी, दोन-तीन झटके देऊन. लिंबू पेल्यात पिळायचं.

लिंबू शेवटी का, तर आंबटपणामुळे पानांच्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पोपटी रंग मेंदीसारखा मळकट होतो. तो बदल ठेवल्या ठेवल्या वाढतच जातो. अननसाची आंबट चव त्यात आहेच, त्यामुळे ही स्मूदी करून ठेवायची नाही, करून प्यायची. कोकमाचं आगळ यात घालू नये. चवीला बरं लागतं, पण लाल आणि हिरवा मिळून तपकिरी चिखल होतो आणि घरातली मुलं पेल्याला हात लावत नाहीत. चिकूनेही तेच होतं.

अननस, पपई आणि आलं कच्चं असताना दुधा-दह्याशी जमत नाही. या तिघांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दही घातलेली अननसाची स्मूदी लगेच प्यायली तर ठीक, वीस मिनिटांत कडू होते. दही हवंच असेल तर अननसाचे तुकडे पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करावेत, विकर निकामी होतं. नाहीतर अननसाऐवजी कैरी किंवा पेरू घ्यावा. पेरूच्या बिया मिक्सरमध्ये अर्धवट फुटून खरखर करतात, म्हणून पेरू वेगळा वाटून गाळून घालावा. पालकासोबत दही घेण्याचा एक फायदाही आहे: दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून टाकतं.

हळदीबरोबर मिरी आणि खोबरं घालतो, तेही कारणाने. हळदीतलं करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. आणि मिरीतलं पायपरीन ते शरीरात टिकवायला मदत करतं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं होतं की 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर ते रक्तात वीसपट पोहोचतं. अर्थात ओल्या हळदीच्या एका तुकड्यात करक्युमिन त्याच्या पासंगालाही नसतं, तेव्हा हा पेला म्हणजे गोळीला पर्याय नव्हे. मिरी मात्र ताजी कुटलेली हवी, डब्यातल्या जुन्या पुडीला नुसता तिखटपणा उरतो. हळदीऐवजी आंबेहळद घेतली तर कैरीसारखा सुगंध येतो. पिवळेपणाही कमी, त्यामुळे हिरवा रंग स्वच्छ राहतो. हिवाळ्यात बाजारात दिसली की जरूर आणावी.

जिरं कच्चं घालू नये, मातकट लागतं. कोरड्या तव्यावर मंद आंचेवर रंग एक छटा गडद होईपर्यंत भाजायचं. बडीशेप रात्रभर भिजवून. दालचिनी दोन चिमटी पुरे. बाजारातली जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅशिया जातीची असते, तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त, रोज चमचाभर घेतली तर यकृताला भार होतो. शिवाय तिची पूड ओलाव्यात बुळबुळीत होते. जायफळ उगाळून एक-दोन वळसे. चमचाभर जायफळ विषारी ठरतं, हे लक्षात असू द्या.

उन्हाळ्यात दुपारसाठी याहून हलका प्रकार: शहाळ्याचं पाणी 250 मिली, काकडी 150 ग्रॅम, एक केळं, विड्याचं एक पान, भिजवलेली बडीशेप एक चमचा, अर्ध्या वेलचीचे दाणे. वाटून झाल्यावर पंधरा मिनिटं भिजवलेला सब्जा एक चमचा वरून ढवळायचा. सब्जा मिक्सरमध्ये घालायचा नाही.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पाल्याचं प्रमाण डॉक्टरांना न विचारता अचानक वाढवू नये, पानांतलं व्हिटॅमिन के औषधाच्या उलट काम करतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळं आणि केळं यांतलं पोटॅशियम चालत नाही. मधुमेह असेल तर केळं एकच घ्यावं, अननस निम्मा करून काकडी वाढवावी आणि गूळ-मध घालूच नये.

पेल्यावर जाड फेस आला तर शेवटची दहा सेकंदं मिक्सर अगदी कमी वेगावर चालवा आणि ओतण्याआधी दोन मिनिटं तसंच राहू द्या. शेवगा घातला असेल तर फेस थोडा येणारच, तो चमच्याने काढून टाकावा. स्मूदी घट्ट झाली तर साधं पाणी घालू नका, चव मोडते, काकडीच्या चार फोडी आणखी फिरवा. पातळ झाली तर मलई. आणि पाल्यामुळे कडू झालीच, तर गूळ ओतण्याआधी चिमूटभर मीठ घालून चाखून पाहा. मिठाने कडवटपणा गोडापेक्षा लवकर दबतो.