पन्नास पेन्सांत मिळालेलं ब्रॅडफर्ड

मागच्या शनिवारी इथे इंग्लंडात, ब्रॅडफर्डच्या लायब्ररीच्या दारात टेबल मांडलं होतं. काढून टाकलेली पुस्तकं, कुठलंही घ्या, पन्नास पेन्स. मी उचललं ते चांगलं धडधाकट होतं. शिवण शाबूत, एक पान सुटलेलं नाही. पण आत 'बाद'चा शिक्का, आणि तारखांच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख १९९४ ची.

माझं डोकंच फिरलं. साताऱ्याच्या आमच्या वाचनालयात पुस्तकाला कसर लागेल, पानं पापडासारखी मोडतील, पण ते कपाटातून हलणार नाही. निर्लेखन, म्हणजे पुस्तक नोंदीतून काढून टाकणं, हा शब्दही तिथे दबक्या आवाजात उच्चारतात. टेबलामागच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "कोणी नेतच नाही गं, लव्ह." (यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा 'लव्ह' म्हणतो, गैरसमज नको.) आता साताऱ्याची वर्गणी मी शेवटची कधी भरली, हे विचारू नका. परदेशातून कशी भरणार?

तर पुस्तक. रोझमेरी सटक्लिफ यांची 'द रायडर ऑफ द व्हाइट हॉर्स', १९५९ ची कादंबरी. सटक्लिफ हे नाव मला लेकीच्या शाळेमुळे माहीत होतं, रोमन सैनिकांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाई म्हणून. त्याच वर्षीच्या त्यांच्या एका किशोर कादंबरीला कार्नेगी पदक मिळालं. तेव्हापासून असेल किंवा आधीपासून, पण त्या मुलांच्या फळीवर बसल्या त्या बसल्याच. ही मात्र मोठ्यांची कादंबरी आहे, आणि ती माझ्या गावात घडते!

आठ वर्षं इथे राहून ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्या आणि करी, एवढंच मला माहीत. इंग्लंडच्या यादवी युद्धात, ३० जून १६४३ ला, राजाच्या फौजेने पार्लमेंटवाल्यांना अॅडवॉल्टन मूरवर झोडपलं, ते ठिकाण माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. हरलेल्या फौजेतला सरदार टॉमस फेअरफॅक्स बोलताना अडखळायचा. बायको अ‍ॅन मोहिमेत त्याच्याबरोबर. ब्रॅडफर्डमधून वेढा फोडून निघताना ती शत्रूच्या हाती लागली. जेमतेम पाच वर्षांची मुलगी दाईच्या कुशीत, घोड्यावर, बापाबरोबर हल शहराकडे. वाटेत ती इतकी मलूल झाली की आता जाते असंच वाटलं. वाचली. अ‍ॅनला शत्रूच्या सरदाराने पुढे स्वतःच्या बग्गीतून परत पाठवलं. हे सगळं खरं घडलेलं आहे, आणि सटक्लिफबाई ते अ‍ॅनच्या जागी उभ्या राहून सांगतात.

घोडदौड तर अशी लिहिलीय की वाचणाऱ्याच्या मांड्या भरून याव्यात. लिहिणारी बाई लहानपणीच सांध्यांच्या आजाराने अधू झालेली, आयुष्याचा बराच काळ चाकांच्या खुर्चीत. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. मी दोनदा मागे जाऊन ती पानं वाचली.

तेव्हा आपले शिवाजीराजे तेरा वर्षांचे. हे मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात ऐकवलं, तर फेअरफॅक्स कोण हेच चौघांपैकी तिघांना ठाऊक नाही. ब्रॅडफर्डचेच आहेत! साताऱ्यात रिक्षावालासुद्धा अजिंक्यताऱ्याचा इतिहास सांगेल, थोडा वाढवूनच सांगेल. चौथीने मात्र विचारलं, तुमच्याकडे अशा कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायका कोण? रणजित देसाई, इनामदार, विश्वास पाटील अशी नावं भराभर डोक्यात आली, बाईचं एकही येईना. "खूप आहेत," म्हटलं, आणि डबा उघडला. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "तू तरी अजिंक्यताऱ्यावर कितीदा गेलीस?" दोनदा. पण खिडकीतून रोज दिसायचा, ते धरायचं नाही का?

पुस्तक संपवून मी लायब्ररीत परत गेले. म्हटलं, फुकट घ्या, पण फळीवर ठेवा. आजींनी शिक्क्यावर बोट ठेवलं. एकदा बाद झालेलं परत घेता येत नाही, नियम आहे. मग मुलांच्या विभागात जाऊन, गुडघ्याएवढ्या स्टुलावर बसून, सटक्लिफबाईंची आणखी दोन काढली.

आणि हे ऑफिसातल्या त्या चौथीला दिलं. चिठ्ठीवर १९९४ च्या खाली पेनाने तारीख घातलीय, तीन आठवड्यांची. उशीर झाला तर दंड घेणार आहे.