जिची तिची शेकोटी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४, एडिसन

स्टोक्सच्या जंगलातला तंबू या वर्षी राहिलाच. ऑक्टोबरभर न्यू जर्सीत पावसाचं नाव नाही, पाचोळा पापडासारखा वाळलेला आणि रानात लाकडं पेटवायला राज्यभर बंदी. वेस्ट मिलफर्डकडे डोंगर पेटल्याची बातमी पाहिली आणि लेकीची कुरकुर आपोआप थांबली. पण तिच्या मैत्रिणींना 'स्मोअर' द्यायचं कबूल केलं होतं. शेकोटी नाही तर नाही, ते घरी करायचं ठरवलं.

दोन ग्रॅहम बिस्किटं, मधे चॉकलेट आणि निखाऱ्यावर भाजलेला मार्शमेलो, म्हणजे साखरेचा मऊ, फुगीर गोळा, एवढंच ते. गर्ल स्काउट्स या अमेरिकेतल्या मुलींच्या संघटनेच्या १९२७ सालच्या पुस्तकात त्याची कृती 'सम मोअर' नावाने आहे: आठ जणींना सोळा बिस्किटं, सोळा मार्शमेलो. आमच्याही मुली आठच. आईला या योगायोगाचा फार आनंद झाला.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, म्हणून आईसाठी ते नसलेले मार्शमेलो आणले. असे मार्शमेलो कमी वितळतात, पण रंग छान धरतात. बिस्किटांचा जाडसर चुरा लोण्यात परतून पेल्यांच्या तळाशी दाबला. त्यावर २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि तेवढंच गरम क्रीम एकत्र घोटून ओतलं. मीठ चिमूटभर, आणि ते विसरायचं नाही, नाहीतर सगळं नुसतंच गोड गोड लागतं.

अडलं ते धुरापाशी. गॅसवर भाजलेल्या मार्शमेलोला शेकोटीचा वास कुठून येणार? मी हताश होऊन बसले होते, तर आई म्हणाली, "अगं, धुंगार दे की. वांग्याच्या भरताला देतेस ना?" गार क्रीमच्या पातेल्यात वाटी ठेवली, वाटीत लाल झालेला कोळसा, वर तुपाचा थेंब, आणि झाकण. खिडकी उघडी, पंखा चालू. चार मिनिटांनी झाकण काढलं. आई म्हणाली, "आगटीचा वास आला बघ." बार्शीचं शेत, गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून फुंकलेला गरम हुरडा, हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात उतरलं. आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही. मग क्रीम फेटून चॉकलेटवर घातलं.

वरचा मार्शमेलो भाजताना मात्र चूक झाली. फ्रिजमधला गार पेला मी तसाच ओव्हनच्या वरच्या आचेखाली सरकवला. टच्चकन आवाज आला आणि पेला उभा तडकला. स्टीलच्या वाट्यांत लावायचं सुचलं, पण लेक म्हणाली, "मग थर कसे दिसणार, मम्मा?" तिचं बरोबर होतं. शेवटी मार्शमेलो काटक्यांना टोचून गॅसवरच भाजायचे आणि प्रत्येकीने आपल्या पेल्यावर ठेवायचा, असं ठरलं.

आणि तेच मला सगळ्यात आवडलं. मोठ्या ट्रेमध्ये लावून वड्या पाडल्या असत्या तर माझे कष्ट वाचले असते, पण सगळ्यांना एकच रंग मिळाला असता. शेकोटीभोवती तसं कधीच होत नाही. एकीला फिकट सोनेरी हवा होता, ती ज्योतीपासून वीतभर लांब धरून दहा मिनिटं नेटाने फिरवत राहिली. दुसरीने सरळ पेटवला, फुंकला आणि काळा कोळसा झालेला अभिमानाने पेल्यावर ठेवला. एक जण भित्री, तिचा हात लेकीने धरला. गॅसच्या दोन शेगड्यांभोवती आठ जणी खांद्याला खांदा लावून उभ्या, दिवे घालवलेले, चेहऱ्यांवर निळसर उजेड.

आईने आपला शेवटी भाजला. एका बाजूने खरपूस, दुसरीकडून पांढराच. तिने पेल्याच्या तळापर्यंत चमचा घातला, चारही थर एकदम उचलले, आणि पहिला घास मला भरवला.